पीटीच्या सरांचे हळू धडे

मी एकतीस वर्षं ओरडलो. पगार त्याचाच होता. पारोळ्याजवळच्या एका गावातल्या शाळेत मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, म्हणजे पीटीचे सर. मैदानात मी 'सावधान' म्हटलं की कुंपणापलीकडून बाजाराला निघालेले दोन-चार बाप्ये चालता चालता ताठ व्हायचे. ते माझेच जुने विद्यार्थी असत. त्यामुळे निवृत्तीनंतर जळगावला राहायला आल्यावर मी हळू हालचालींचे धडे द्यायला शिकतोय, हे घरात जाहीर झालं तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही? आणि हळू?" आणि मेथी निवडायला लागली. त्याला आता सहा वर्षं झाली. तिने प्रश्न मागे घेतलेला नाही.

हे धडे म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो, कारण जळगावात मला रोज कोणीतरी विचारतं आणि माझं उत्तर ऐकून निराश होतं. हा योग नाही. मालिश नाही. व्यायाम तर नाहीच नाही. माणसं सतरंजीवर आडवी होतात. मी तोंडाने सांगतो, "उजवा गुडघा थोडासा बाहेर सोडा. परत आणा. कंबरेचा कुठला भाग जमिनीवर टेकतो ते बघा. आता थांबा." पाऊण तास हेच चालतं. करून दाखवायचं नाही, कोणाला धरून वळवायचं नाही, शाबास म्हणायचं नाही आणि चुकलं असंही म्हणायचं नाही. मध्ये मध्ये भरपूर विश्रांती द्यायची. अंगाला नेहमीची ओढाताण सोडून दुसरी सोपी वाट सापडावी, एवढाच उद्योग. ती वाट ज्याची त्याने शोधायची. शिकवणाऱ्याने फक्त मधे यायचं नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला मला काही लागलं नाही, पण शिकायला फार लागलं.

यात मी पडलो ते मानेमुळे. माझी मान उजवीकडे वळेना. स्कूटरवर रिक्षावाल्यांनी मला इतक्या शिव्या घातल्या की काही तोंडपाठ झाल्या. गोळ्या झाल्या, शेक झाला, पट्टा झाला. मग कोणीतरी धुळ्याच्या सुलभाताईंचं नाव सांगितलं. त्या महिन्यातून एकदा शनिवार-रविवार शिकवणारे तयार करण्याचा वर्ग घेत. मला वाटलं, मान बरी करून घ्यावी आणि यावं. वर्ग दोन वर्षांचा आहे हे त्यांनी मला दुसऱ्या महिन्यात सांगितलं.

सुलभाताई माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मान हळूच उजवीकडे वळवा. सहज जाईल तेवढीच." मी दात-ओठ खाऊन वळवली. कट्ट आवाज झाला. सगळ्यांच्या आधी संपवलं आणि सवयीने हात वर केला.

"काय झालं सर?"

"झालं."

"काय झालं?"

"मान वळवून झाली."

"छान. आता निम्मी वळवा."

निम्मी वळवली. मग त्याच्या निम्मी. मग त्या म्हणाल्या, "आता वळवू नका. वळवायचा नुसता विचार करा." दोन तास एसटीत उभा राहून मी मान वळवण्याचा विचार करायला धुळ्याला आलो होतो. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण फी भरलेली होती, म्हणून विचार केला.

परतीच्या गाडीत पारोळ्याच्या स्टँडवर उजव्या खिडकीशी शेंगदाणेवाला ओरडला. मी वळून पुडी घेतली. निम्मी संपल्यावर लक्षात आलं की मी वळलो होतो. पुढच्या महिन्यात मी वेळेवर हजर होतो आणि शनिवारचा मुक्काम धर्मशाळेत केला.

शिकताना सुलभाताई माझ्याबाबतीत एकाच गोष्टीने हैराण होत्या. माझ्याने कोणाचा त्रास बघवायचा नाही. यात दयाळूपणा नव्हता, घाई होती. समोरचा अडखळला की माझा हात पुढे. खांदा धरून वळव, पाय उचलून ठेव. मुलं रांगेत वाकडी उभी राहिली की दंडाला धरून सरळ करायची, ही एकतीस वर्षांची खोड. ताई म्हणायच्या, "सर, हात मागे." मी मागे घ्यायचो. पाच मिनिटांनी तो परत पुढे आलेला असायचा.

जळगावात मेहरूणला एका समाजाचा हॉल मिळाला. तो मिळवून दिला एका शेठने. त्यांची डाळीची मिल. जन्मभर गादीवर मांडी घालून बसल्याने त्यांचे गुडघे आणि कंबर यांचं आपसात बोलणं बंद झालं होतं. शेठ पहिल्या दिवसापासून नियमित आले आणि पहिल्या दिवसापासून तक्रार करत राहिले. "सर, ये तर सगळा आरामच आहे. काम कधी चालू होणार?" मी म्हणायचो, हेच काम. ते म्हणायचे, "मग माझं डबल करा."

आता जागेची अडचण. जागा प्रशस्त होती, पण माणसांनी पाय कुठे करायचे? एका भिंतीला देवाची तसबीर. तिकडे पाय नकोत. समोर दक्षिण. तिकडे तर बोलूच नका. तिसऱ्या बाजूला हॉल बांधून देणाऱ्या आजोबांचा फोटो, आणि त्यांचा नातू म्हणजे आमचे शेठच. चौथ्या बाजूला दार, दारातून कोणी वडीलधारा आला तर पाय त्याच्याकडे होणार. शेवटी सगळे तिरपे झोपले. आजही माझा वर्ग तिरपाच झोपतो.

दुसरी अडचण जास्त गंभीर. आपल्याकडे माणसाला जमिनीवर उताणं कधी निजवतात, हे मी सांगायला नको. मी मात्र ते विसरलो होतो. हिवाळा होता, पुरुषांची सकाळी सातची वेळ. गारठा होता म्हणून शेठने हॉलच्या गाद्यांवरच्या पांढऱ्या चादरी काढून दिल्या. नऊ म्हातारे हनुवटीपर्यंत पांढरं पांघरून डोळे मिटून निश्चल पडले. विश्रांतीची वेळ असल्याने मीही गप्प. तेवढ्यात शेठचा ड्रायव्हर कागदांवर सही घ्यायला आला. त्याने आत बघितलं. मुकाट्याने चपला काढल्या, टोपी काढली आणि हात जोडून दारातच उभा राहिला. मी जवळ गेलो. "सर," तो म्हणाला, "शेठ... केव्हा?"

चादरीखालून शेठ म्हणाले, "अजून पंधरा मिनिटं."

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी घरून रंगीत गोधड्या आणल्या.

बायकांची वेळ दहाची. आधी मी एकत्रच वर्ग ठेवला होता, ती माझी चूक. बायका भिंतीला टेकून डोक्यावर पदर घेऊन बसून राहिल्या. दोघींचे जेठ, म्हणजे थोरले दीर, पुढच्या रांगेत होते. जेठासमोर आडवं कसं व्हायचं? मग वेळ वेगळी केली, तरी कोणी आडवं होईना. शेवटी एक जण बोलली, "सर, आता पुरुष म्हणजे तुम्ही एकलेच राहिले." मी म्हटलं, मग मी बाहेर जाऊ का? तर शिकवणार कोण? तोडगा त्यांनीच काढला. "तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसा."

आणि मी बसलो. पाठ करून. बाहेर कडुलिंब, त्याखाली कोणाचीतरी मोटारसायकल, आणि त्या मोटारसायकलला मी सांगतोय, "डावा गुडघा हळूच उभा करा." पहिला आठवडा मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोण काय करतंय ते दिसेना, कोणाला सरळ करता येईना. मग हळूहळू ऐकू यायला लागलं. बांगड्या. बाई घाईत असली की बांगड्या एकदम खळखळतात. हळू असली की एक वाजते, मग दुसरी. श्वास अडकला की सतरंजी घासल्याचा आवाज थांबतो. मी त्या आवाजावरून सांगू लागलो, "घाई करू नका, थोडं कमी करा," आणि मागून आवाज यायचा, "बाई, याला मागे डोळे आहेत का?"

सुलभाताईंना फोनवर सांगितलं तर त्यांनी आधी खुर्ची कुठे ठेवता ते विचारलं. मग म्हणाल्या, "सर, मी दोन वर्षं डोकं फोडलं. फक्त तुमची खुर्ची फिरवायला हवी होती."

आता सरूअक्कांचं सांगतो. खरं म्हणजे त्यांच्याबद्दलच लिहायला बसलोय, बाकी सगळं टाळाटाळ.

सरूअक्का मूळच्या आमच्या शाळेच्याच गावच्या. नवरा पाइपच्या कंपनीत लागला म्हणून मेहरूणला आल्या. तो गेला, मुलगा नितीन पुण्याला, आणि अक्का दोन खोल्यांच्या घरात एकट्या. माझ्याशी त्या शाळेच्या मराठीत बोलायला सुरुवात करत आणि दुसऱ्या वाक्याला अहिराणीवर येत. वर्गात येण्याचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. सकाळी नळाचं पाणी भरून झाल्यावर त्या स्वयंपाकघरात पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, मुका मार. पण उठता येईना. दुपारी शेजारीण ताकाचं भांडं परत द्यायला आली तोपर्यंत त्या तिथेच. "कपाटना खाल किती कचरा शे ते तवय समजनं," त्या म्हणाल्या.

शेजारणीने नितीनला कळवलं. नितीन आला तो आईला घेऊन जायच्या तयारीनेच. अक्का नाही म्हणाल्या. पुणं वाईट नाही, सून वाईट नाही, पण स्वतःच्या घरात स्वतःच्या मनाने जगायचं. नितीन माझा जुना विद्यार्थी, तो मला भेटायला आला. "सर, आई पडली तर तिला उठता येत नाही, एवढाच प्रश्न आहे. दिवाळीला मी येतो. माझ्यासमोर, कोणाचा हात न घेता, आई जमिनीवरून उठली तर पुण्याचं नाव काढणार नाही. नाही उठली तर मी तिला नेतो." आणि मग, अगदी शाळेतल्यासारखा, "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे सर."

मी अक्कांना उठायला शिकवलं नाही. तसं शिकवतच नाहीत. कुशीवर वळायला शिकवलं. मग कुशीवरून कोपरावर. कोपरावरून हातावर. हातावरून रांगायच्या बैठकीत. एकेका गोष्टीला महिना गेला. दीड वर्षाचं पोर हे करतं आणि कोणी त्याला फी मागत नाही, असं शेठ म्हणायचे. पुढे एक गुडघा उभा करायचा, हात खाटेवर किंवा स्टुलावर, आणि डोकं आधी पुढे जाऊ द्यायचं, वर नाही. इथे अक्का म्हणाल्या, "हाई तं माले येस. गवतना भारा डोकावर लिसन अशीच उठू मी." एवढं आयुष्य शेतात काढलेली बाई, तिला मी काय शिकवणार! तिचं विसरलेलं तिला आठवत होतं.

गणपती बसले त्या आठवड्यात एक दिवस मी खिडकीकडे तोंड करून बोलत होतो. मागे अक्कांच्या बांगड्या वाजल्या. थांबल्या. बराच वेळ काहीच नाही. मग परत एक. आणि मग अक्कांचा आवाज आला, पण तो जमिनीवरून आला नाही, माझ्या डोक्याच्या वरून आला.

"सर, मी वर शे."

सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी कडुलिंबाकडे बघत बसून राहिलो, कारण माझे डोळे भरले होते आणि पीटीच्या सरांनी ते कोणाला दाखवायचे नसतात.

त्यानंतर दिवाळीपर्यंत अक्का रोज उठल्या. मी रोज ऐकलं. बघितलं एकदाही नाही.

लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नितीनने मला घरी बोलावलं. पुढच्या खोलीत सतरंजी, शेजारी लोखंडी खाट. नितीन दाराजवळ. मला त्याने खुर्ची दिली, बरोबर समोर. मी फिरवून घेऊ शकलो असतो. नाही फिरवली. खोटं कशाला बोलू, मला बघायचं होतं. आपलं काम डोळ्यांनी बघावं, विद्यार्थ्यासमोर बघावं, अशी हौस आली होती.

अक्का खाली बसल्या, आडव्या झाल्या, मला सवयीने विचारलं, "करू सर?" आणि कुशीवर वळल्या. कोपर. हात. रांगायची बैठक. सगळं आवाजाने माझ्या ओळखीचं होतं, पण दिसायला ते भयंकर होतं. त्यांचा दंड थरथरत होता. मान खाली लोंबत होती. त्यांनी एक हात खाटेच्या कडेला लावला, एक गुडघा उचलू लागल्या आणि थांबल्या.

थांबल्याच. नितीनने श्वास रोखलेला मला ऐकू आला. त्याचा चेहरा मी बघितला. अक्कांची नस कपाळावर उठलेली बघितली. मला वाटलं, अडकली. आता पडणार. आणि माझा हात पुढे गेला. सांगतो, मी विचार केलाच नाही. मी खुर्चीवरून उठलो कधी हेही मला आठवत नाही. मी अक्कांसमोर हात धरला आणि म्हटलं, "या."

अक्कांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग खाटेवरचा हात सोडला, माझा धरला आणि उठल्या.

नितीन भला मुलगा आहे, त्याने आईला आधी पाणी दिलं. मग मला दारापर्यंत सोडायला आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "सर, तुम्ही तरी किती दिवस हात देणार?"

चार दिवसांनी मी निरोप द्यायला गेलो. अक्का भांडी पोत्यात भरत होत्या. मला चहा केला. मी म्हटलं, अक्का, त्या दिवशी तुम्ही अडकल्या होत्या ना? माझ्या मनाला तेवढा आधार हवा होता. त्या म्हणाल्या, "नही. साडीना काठ गुडघाखाल दबेल होता. तो काढाले थांबनू."

"मग माझा हात कशाला घेतला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हा माणूस शिक्षक झालाच कसा. "सरना हात शे, तो कसा टाकू?"

मी धुळ्याला जाऊन सुलभाताईंना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "ती अडकली आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आणि चहा मागवला. त्यानंतर त्या विषयावर आमचं बोलणं झालेलं नाही.

त्या वर्षी मी वर्ग बंद करायचं ठरवलं होतं. शेठनी होऊ दिलं नाही. ते म्हणाले, "तुम्ही चुकलात, पण माझा गुडघा चुकलेला नाही." वर्ग चालू आहे. आता बायका म्हणतात, सर, इकडे तोंड करून बसलात तरी चालेल, आता काही वाटत नाही. मी म्हणतो, मला वाटतं.

परवा दुपारी चार वाजता, मी घरी चहा पीत असताना, अक्कांचा पुण्याहून फोन आला. एरवी फोन सणालाच येतो.

"सर, आज पडनू मी."

"कुठे? लागलं का? नितीन कुठे आहे?"

"नितीन हापिसमा, सून हापिसमा. कपडा वाळत घालताना पडनू. लागनं नही. आनि उठनू बी."

"एकट्या?"

"घरमा कोनी नव्हतं."

मी विचारलं किती वेळ लागला. पीटीच्या सरांना वेळ लागतोच. त्या म्हणाल्या, "येळ कोन मोजी? घाई कोनले होती? मी थांबनू, परत वळनू, परत थांबनू. मंग खुर्ची धरी आनि उठनू."

नितीनला सांगितलं का, असं विचारलं. "नही. सांगू तं नोकरी सोडीसन घर बशी जाई." त्या हसल्या. मग जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मी फोन कानाला घट्ट धरून बसलो, आणि या वेळी मधे बोललो नाही.

"सर, राग मानू नका. एक सांगू?"

"सांगा ना अक्का."

"तुम्ही अठे नव्हतात, हाई बरं व्हयनं."

इतका आनंद आणि इतकी लाज मला एकदम कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, "हो अक्का. बरं झालं."